अनुभवाची उसनवारी

विरारच्या फलाटावर लोकलचा आमचा, अपंगांसाठी राखीव डबा नेमका कुठं थांबणार, हे प्रत्येकजण आपापल्या परीनं ओळखतो. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी फलाटावर चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बीप-बीप वाजणारं यंत्र असतं. पण सकाळच्या गर्दीत चित्र पावलांखाली झाकलं जातं, घोषणांच्या गलक्यात बीप विरून जाते. मग कामाला येतं ते पायांचं, हातांचं, नाकाचं ज्ञान. जिना उतरल्यावर किती पावलं, कितवा खांब, तळणाचा वास कुठल्या अंगानं आला की थांबायचं. हे ज्ञान कुठल्याही वेळापत्रकात छापलेलं नसतं. एका प्रवाशानं ते दुसऱ्याला सांगितलेलं असतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. माझ्यापर्यंत ते असंच आलं, आणि माझ्याकडून पुढं गेलं.

मी पोलिओची. आमच्या लहानपणी गावोगाव अशी मुलं असायची. कुणाचा एक पाय बारीक राहिलेला, कुणाचे दोन्ही, कुणी गुडघ्यावर हात दाबून चालणारं. १९९५ साली देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नव्हता. यापुढं या मातीत पोलिओमुळं कुठल्याही पोरीच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर बांधावं लागणार नाही. आमची पिढी ही या आजाराची शेवटची पिढी. पण तेव्हापासून एक विचार मनात घर करून आहे. आजार गेला हे उत्तम झालं. आजारानं आम्हाला जे शिकवलं ते मात्र आमच्याबरोबर जाऊ नये. चढायचं कसं, पडायचं कसं, मदत मागायची कशी, नको असलेली मदत नाकारायची कशी, हे सगळं आम्ही अंगावर झेलून शिकलो आहोत. उद्या अपघातात पाय गमावणाऱ्याला, मधुमेहानं दृष्टी जाणाऱ्याला, म्हातारपणी गुडघे धरलेल्याला याच शहाणपणाची गरज पडणार आहे.

माझं बालपण आगाशीतल्या वाडीत गेलं. केळी, नारळ, सुपारी, पानवेली, कुंपणाला जास्वंद. राजेळी केळी पिकली की घरात सुकेळ्यांचा हंगाम सुरू व्हायचा. साली काढायच्या, केळी उन्हात मांडायची, ऊन कलतं तशी हलवायची, रात्री झाकायची, आणि हे दिवसामागून दिवस. मला बसून साली काढायचं काम मिळे आणि मी ते जीव ओतून करी. बाकी बहुतेक वेळा मला काहीच मिळत नसे. "तू बस गं, आम्ही करतो." "तुला कशाला उगाच दगदग?" "ऊन लागेल तुला." शाळेची सहल वज्रेश्वरीला निघाली तेव्हाही हेच ऐकलं. लग्नाच्या वरातीत, गौरीच्या पाणवठ्यावर, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सगळीकडं माझ्यासाठी एक खुर्ची आधीच मांडलेली असे, आणि ती नेहमी कडेला असे. माझ्या घरच्यांनी माझ्यावर अपार माया केली. त्या मायेबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. तरीही मला सांगितलं पाहिजे की माणूस बाजूला पडतो तो दर वेळी हाडहूड करूनच पडतो असं नाही. पुष्कळदा त्याला फार प्रेमानं बाजूला बसवलेलं असतं. हाकलून दिलेला माणूस निदान भांडू शकतो. प्रेमानं बसवलेल्यानं कुणाशी भांडायचं?

पुढं मुंबईतल्या एका कचेरीत नोकरी लागली आणि मी गाडीच्या त्या डब्यात आले. तोवर माझ्यासारखी माणसं मी एकेकटी पाहिली होती. एकत्र कधी पाहिली नव्हती. तिथं कुबड्या मांडीला टेकवून बसलेले लोक होते, पांढऱ्या काठ्या घड्या घालून पिशवीत ठेवणारे होते. आमच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही प्रवासाची मुभा आहे. त्यामुळं परळला टाटा रुग्णालयात निघालेली, डोक्याला रुमाल बांधलेली एखादी बाई आणि तिच्या शेजारी सातव्या महिन्यातली सूनबाई असं दृश्य नेहमीचंच. गाडी नायगाव सोडते, दोन्ही बाजूंना मिठागरं पसरतात, मग भाईंदरच्या खाडीचा पूल लागतो आणि खारा वारा डब्यात शिरतो. कुणी न ठरवता त्याच टापूत बोलणी रंगात येतात.

काय बोलत असू आम्ही? बाहेरच्या जगात ज्या प्रश्नांना लोक बिचकतात किंवा दया ओततात, ते प्रश्न तिथं भाजीच्या भावासारखे सरळ विचारले जात. कॅलिपरचा तुटलेला पट्टा कुठला चांभार नीट शिवून देतो? कुबडीचं रबर किती महिन्यांनी बदलतेस? पावसाळ्यात कुठल्या जिन्यावर घसरतं? कचेरीत मुतारीला उंच पायरी आहे, साहेबांना अर्ज कसा लिहू? लग्नाचं ठरतंय, सासूबाईंना आधी काय सांगावं? माझ्याहून वयानं मोठ्या, माझ्यासारखंच कॅलिपर बांधणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा बजावलं, "कुणी दंड धरून ओढायला लागलं तर गप्प बसू नकोस. दंड धरू नका, मला खांदा द्या, असं सांग. त्यांना माहीत नसतं, सांगितलं की कळतं." हे एक वाक्य. त्याआधी मला वाटे, मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट, आपण निमूट घ्यायची. मदत कशी हवी हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे, हे मला त्या ताईंनी शिकवलं.

आमच्या वाड्यांमधून उसनवारीची जुनी रीत आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची. अनुभवाचंही तसंच आहे, असं मला वाटत आलं आहे. मी जे घेतलं त्यात माझी भर घालून ते दुसऱ्या कुणाच्या ओंजळीत टाकलं तरच ते फिटतं.

मराठीत या उसनवारीची एक फार सुंदर साखळी आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळेपण आलं. नाचणारी, खेळणारी मुलगी अंथरुणाला खिळली, आणि पुढचं सगळं आयुष्य तिला अंधारासारखं दिसू लागलं. त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही त्याच व्याधीचे, आणि तरीही कामाधंद्यात उभे असलेले. धीराचे शब्द तोवर पुष्कळांनी दिले असतील. पण त्याच वाटेवरून पुढं गेलेला माणूस समोर दिसणं ही निराळीच गोष्ट असते. त्याच्याकडं बघूनच अर्धी वाट कळते. नसीमादीदींनी ते घेतलेलं फेडलं. १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली, वसतिगृह झालं, मुलं शिकली, कामाला लागली. आणि आपली सगळी कहाणी त्यांनी 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात मांडली. मलमूत्राच्या अडचणीपासून मनाच्या खचण्यापर्यंत जे आपल्याकडं उंबऱ्याआडही बोललं जात नाही, ते एका बाईनं छापील पानावर ठेवलं.

साखळीचा पुढचा दुवा सोनाली नवांगुळ. बत्तीस शिराळ्याच्या या मुलीला नऊ वर्षांची असताना बैलगाडीच्या अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली. पुढं ती नसीमादीदींच्या संस्थेत आली, तिथं राहिली, शिकली, काम केलं. आणि मग संस्थेच्या सावलीतून बाहेर पडून कोल्हापुरात स्वतःच्या घरात एकटीनं, स्वतंत्र राहू लागली, लिहू लागली. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा 'मध्यरात्रीनंतरचे तास' हा मराठी अनुवाद तिनं केला आणि त्याला २०२० सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सलमा यांची गोष्टही जाणून घेण्यासारखी आहे. वयात आल्यावर त्यांची शाळा सुटली, घराच्या चार भिंती आल्या, आणि त्यांनी सासरच्यांच्या नकळत लिहिलं. तमिळनाडूतल्या एका गावात कोंडली गेलेली बाई आणि सांगली जिल्ह्यातल्या एका गावात खाटेवर पडलेली मुलगी. दोघींना अडवणाऱ्या भिंती वेगळ्या, पण भिंतीकडं बघत काढलेल्या दुपारी दोघींच्या ओळखीच्या. त्या कादंबरीतल्या बायका मराठीत इतक्या जिवंत झाल्या यामागं ती ओळख असणार, असं ते पुस्तक वाचताना मला सारखं वाटत राहिलं.

लोकलच्या प्रवासानं घडलेली आणखी एक मुलगी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, पुढं सेंट झेवियर्स महाविद्यालयासाठी उल्हासनगरहून मुंबईला रोजची ये-जा केली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्या देशात ७७३व्या आल्या, रेल्वेची लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन ती नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. आमच्या डब्यातल्या अंध मुली या बातमीवर किती दिवस बोलत होत्या! त्यांच्या बोलण्यात कौतुक होतंच, पण त्याहून जास्त चौकशी होती. त्या कुठलं स्क्रीन रीडर वापरतात? पुस्तकं कशी मिळवली? लेखनिक कोण होता? कौतुक करणारे टाळ्या वाजवून घरी जातात. ज्यांना त्याच वाटेनं जायचं असतं ते पत्ता विचारतात.

सगळंच ज्ञान एवढं मोठं नसतं, काही बोटाच्या पेरावर मावणारं असतं. डब्यात टिकल्या, पिना, मोबाइलची कव्हरं विकायला येणारे एक अंध काका नव्या पोरांना नोटा ओळखायला शिकवत. २०१६च्या नोटाबंदीनंतर नव्या आकाराच्या नोटा आल्या आणि जुना अंदाज निकामी झाला होता. नव्या शंभराची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. दोन नोटांमध्ये अंतर चार मिलिमीटरचं, आणि त्यावर माणसाची दिवसभराची कमाई अवलंबून. काका म्हणत, "दोन बोटांमध्ये धर, नखाशी येते ती शंभर. शंभराची घडी उभी घाल, दोनशेची आडवी, पाचशेची घालूच नको." हाच प्रश्न नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडनं मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं मोबाइलवर नोट ओळखून सांगणारं 'मनी' हे ॲप आणलं. काकांनी तेही शिकून घेतलं, इतरांना शिकवलं. घड्या मात्र चालूच ठेवल्या. मोबाइलची बॅटरी उतरते, बोटांची उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कर्णबधिर मुलांचा घोळका डब्यात चढला की मी वाचत असलेलं पुस्तक मिटून ठेवते. गाडीचा खडखडाट, विक्रेत्यांचे आवाज, बाजूच्या डब्यातलं भजन, या सगळ्यात बोलणाऱ्यांना ओरडावं लागतं. त्यांचं मात्र निवांत चाललेलं असतं. बोटं, मनगटं, भुवया, खांदे, सगळं बोलत असतं. गाडी सुटल्यावरही फलाटावरच्या मित्राशी संभाषण तुटत नाही. तो दिसेनासा होईपर्यंत उरलेली गोष्ट पुरी होते. त्या डब्यात अशा वेळी कमी पडणारे आम्ही असतो. आमच्यातल्या काहींनी त्यांच्याकडून थोड्या खुणा शिकून घेतल्या. नमस्कार, स्टेशन, पाणी, दुखतंय का, घाबरू नकोस. एवढ्यानंही माणसं किती जवळ येतात!

आणि एकाचा अनुभव हजारोंच्या उपयोगी कसा पडतो, याचं याच रेल्वेमार्गावरचं उदाहरण म्हणजे समीर झवेरी. १९८९ साली रेल्वे अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. अपघातानंतरचा एकेक क्षण किती मोलाचा असतो हे ज्याच्या देहाला ठाऊक, तो माणूस स्वस्थ बसला नाही. माहितीच्या अधिकारात त्यांनी रुळांवरच्या मृत्यूंचे आकडे बाहेर काढले, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि उपनगरी स्थानकांवर तातडीच्या उपचारांची सोय व्हावी, रुग्णवाहिका असाव्यात, यासाठी न्यायालयाचे आदेश मिळवले. आज एखादा धडधाकट तरुण फलाटावर छातीत कळ येऊन कोसळला आणि त्याला तिथल्या तिथं उपचार मिळाले, तर त्यामागं दोन पाय गमावलेल्या माणसाची जिद्द आहे. त्या तरुणाला हे नावही माहीत नसेल.

पण डब्यात बसून हे सगळं आठवताना मला त्या डब्यापर्यंत कधी न पोचलेली माणसंही दिसतात. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे ठाणं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून पाठुंगळीला पोर घेऊन निघालेल्या बापाच्या दृष्टीनं ते अंतर कोणत्या मापानं मोजायचं? २०१६च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि त्यांत सिकलसेलही आला. आपल्या आदिवासी पाड्यांमधला हा आजार. बाहेरून काही दिसत नाही. पोरगं सगळ्यांसारखं धावतं, आणि एखाद्या दिवशी हाडं फुटल्यासारख्या वेदनांनी कळवळतं. कायद्याच्या यादीत त्याचं नाव आलं. पण ज्या आईला ते नाव वाचता येत नाही, तिच्यापर्यंत ही गोष्ट कुणी न्यायची? अपंगत्वाचं कार्ड कसं काढायचं, कुठल्या वारी तपासणी असते, कुठली झेरॉक्स विसरली तर फेरी फुकट जाते, हे तिला कुणी सांगायचं? आमचा डबा तिथवर गेला पाहिजे. गाडी नाही जाणार, पण त्यातली बोलणी जायला हवीत.

जगात १३० कोटी माणसं कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारताच्या २०११च्या जनगणनेत ही संख्या २ कोटी ६८ लाख भरली. यांतल्या प्रत्येकाला अडचण कुठं आहे ते नेमकं माहीत असतं, कारण रोज त्याच ठिकाणी त्याला ठेच लागते. दिल्लीत काम करणाऱ्या राजीव रतुरी या दृष्टिहीन माणसानं २००५ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका केली. रस्ते, वाहनं, सार्वजनिक जागा आम्हाला वापरता आल्या पाहिजेत, एवढंच मागणं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं ठणकावून सांगितलं की सुगमतेचे नियम ही नुसती सूचना ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एकोणीस वर्षं! रोज ठेच खाणाऱ्याशिवाय इतकी चिकाटी कुणाकडं असणार? तिकडं आफ्रिकेत युगांडासारख्या गरीब देशानं संसदेत अपंगांच्या प्रतिनिधींसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्याकडं तमिळनाडूनं २०२५ साली स्थानिक स्वराज्य संस्थांवर अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. पैसा कमी असलेल्या ठिकाणीही हे करता येतं, मन मात्र लागतं.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि कितीतरी गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी आपली महानगरपालिका झाली. माझ्या डोळ्यांदेखत वाड्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. दर महिन्याला कुठं तरी पदपथ उखडला जातो, कुठं नवा होतो, कुठं उद्यान, कुठं पूल. हे शहर अजून घडतं आहे, आणि घडत्या शहराइतकी मोठी संधी दुसरी नाही. उतार किती असावा, कठडा कोणत्या उंचीवर हवा, दिव्याच्या खांबानं वाट अडते का, हे बांधून झाल्यावर दुरुस्त करायला खर्च येतो. आधी विचारलं तर काहीच लागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आम्हाला कडेच्या खुर्चीवरून उठवून नकाशाच्या टेबलापाशी बसवा. ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, शाल-श्रीफळ देऊन गौरव करता, त्याबद्दल आभार. पण वर्षाचे बाकीचे दिवस आमचं ऐका. पदपथ आखणाऱ्या अभियंत्यानं एकदा पांढऱ्या काठीवाल्या माणसाबरोबर स्टेशन ते बाजार चालून पाहावं. शाळेनं सहल ठरवताना त्या एका मुलीला विचारावं, तुला यायचं आहे ना, मग कसं नेऊ? आणि ज्यांच्या वाट्याला हे जगणं नव्यानं आलं आहे, त्यांनी दार लावून बसू नये. बाहेर यावं, आमच्यापैकी कुणालाही गाठावं, वाटेल ते विचारावं. आम्ही ज्या खाचखळग्यांतून आलो त्यांची खडान्‌खडा माहिती आमच्यापाशी आहे, आणि जे आमच्यापाशी आहे ते सगळं तुमचं आहे.